अकरा रुपयांचे पंचेचाळीस रुपये शहात्तर पैसे

आहेर जेवढा आला तेवढाच परत करावा, ही रीत काही नंदकिशोर वाळिंब्यांनी नव्याने काढलेली नव्हती. लग्नाच्या मांडवात दाराशी कुणीतरी वही घेऊन बसतो, पाकिटं फोडतो, नावासमोर आकडा लिहितो, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या घरातली माणसं कुणाच्याही लग्नाला निघण्याआधी ती वही काढून बघतात. बाकीची माणसं आकडा बघतात, थोडे वाढवतात, पाकिटात घालतात आणि जेवायला जातात. वाळिंब्यांनी त्यासाठी कंपनीची रेकॉर्ड रूम उघडायला लावली, युनियनला गेट मीटिंग भरवायला लावली, स्वतःच्या नावावर एक मेमो घेतला आणि वर जी लाज पदरात पाडून घेतली ती त्यांना अजून पुरते आहे.

झालं असं, की एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यात सोपानराव पत्रिका घेऊन वाळिंब्यांच्या संत तुकाराम नगरातल्या घरी आले. सोपानराव म्हणजे कासारवाडीचे जुने रहिवासी आणि कंपनीच्या बागेतले माळी. धाकट्या लेकीचं लग्न होतं. पत्रिकेला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि खाली 'आपले नम्र' या मथळ्याखाली एवढी नावं होती की कासारवाडीत उद्धट माणूस उरलाच नसावा.

"साहेब, बाईंना घिऊन यायचं. सांच्याला साडेपाचचा म्हूर्त हाय," सोपानराव म्हणाले. "तुमच्या लग्नाला म्या आलो व्हतो, ध्यानात हाय का?"

वाळिंब्यांच्या ध्यानात नव्हतं, पण वहीच्या होतं. सोपानराव जिना उतरायच्या आत त्यांनी ट्रंकेतून ती काढली. १९६३ सालची ही वही त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे चारुलताबाईंच्या, मामांनी लिहिलेली होती. मामा कोर्टात बेलिफ होते आणि जप्तीचा पंचनामा करायची सवय त्यांना लग्नातही सोडवली नव्हती. 'गजराचे घड्याळ, नग एक, चालत नाही.' 'स्टीलचे तांब्या-भांडे, तांब्यास पोचा.' आणि सतराव्या पानावर, 'सोपानराव, कंपनीतील हेल्पर, रोख रु. ११.'

"एकावन्न द्या," चारुलताबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"कशावरून एकावन्न?"

"सगळे एकावन्नच देतात."

"सगळ्यांना अकरा आले होते का?"

चारुलताबाईंनी भाजीची पुढची जुडी ओढली. एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण वाळिंबे कंपनीच्या वेज सेक्शनमध्ये, म्हणजे पगारखात्यात, होते, आणि त्यांचं कामच असं होतं, की सरकारने जाहीर केलेला महागाईचा निर्देशांक आला की तो कोष्टकात बसवायचा आणि एकोणीसशे कामगारांचा महागाई भत्ता काढायचा. साखर, तूरडाळ, रॉकेल, धोतरजोडी, सगळ्यांचे भाव एका आकड्यात कोंबणाऱ्या त्या निर्देशांकावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी बाकी कशावर असेल असं वाटत नाही. निर्देशांक दोन अंशांनी चढला की जेवतानाही ते घास मोजून घेत. अकराचे अकरा देणं म्हणजे सोपानरावांना लुबाडणं, एकावन्न देणं म्हणजे अंदाजपंचे, आणि अंदाज हा शब्द त्यांना वेज सेक्शनमध्ये खपत नसे. तेव्हा त्रेसष्टच्या अकरा रुपयांचे आज नेमके किती होतात, ते काढायचं आणि तेवढेच द्यायचे, असं त्यांनी ठरवलं.

"त्यांचा तेव्हा रोज किती होता हो?" चारुलताबाईंनी सहज विचारलं.

"दोन रुपये वीस पैसे," वाळिंबे म्हणाले. त्या काळचा पगारतक्ता त्यांनीच लिहिला होता.

"म्हणजे पाच दिवसांची मजुरी. तुमची आता पाच दिवसांची किती होते?"

वाळिंब्यांनी मनातल्या मनात हिशोब केला, आकडा अडीचशेच्या पुढे जाताना दिसला आणि त्यांनी हिशोब तिथेच थांबवला. "मजुरी हा निकष शास्त्रीय नाही," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट जिन्यात पोचली. शेजारच्या सुमनताई शाळेत शिकवायच्या आणि दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की त्यांना राहवत नसे. "रुपया कशाला धरता, भावोजी?" त्या म्हणाल्या. "सोनं धरा. तेव्हा तोळा शंभराच्या आतबाहेर होता, आज सतराशे. तुमच्या अकराचे होतात एकशे सत्याऐंशी."  खालच्या मजल्यावरचे रंगराव, कंपनीच्या युनियनचे सेक्रेटरी, मूळचे बीडकडचे, ते म्हणाले, "साखर धरा की. तवा अकरा रुपयांत नऊ किलो यायची, आता दीड किलो बी येईना." साखरेने अकराचे सहासष्ट होत होते. वाळिंब्यांना स्वतःला रात्रीच्या जेवणाच्या वेळी पोस्टकार्ड सुचलं. पाच पैशांचं कार्ड पंधरा पैशांवर गेलं होतं, म्हणजे अकराचे फक्त तेहेतीस. पोस्टकार्डाचा मोह फार मोठा होता. पाटावर बसल्या बसल्या ते दोनदा 'पोस्टकार्ड' असं पुटपुटले. पण अखेर सद्सद्विवेकबुद्धी जिंकली आणि निर्देशांकच धरायचा असं ठरलं.

आता निर्देशांक धरायचा तर त्रेसष्ट सालचा आकडा हवा. वाळिंब्यांच्या टेबलात सत्तरपासूनची रजिस्टरं होती. त्याआधीची रेकॉर्ड रूममध्ये, लोखंडी कपाटात, आणि कपाट उघडायचं तर तीन प्रतींत मागणीपत्र भरावं लागे. नाव, खातं, तिकीट नंबर भरून झाल्यावर वाळिंब्यांचं पेन 'कारण' या रकान्यावर अडलं. तिथे 'आहेर' असं लिहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या वरिष्ठ लिपिकाने सरकारी निर्देशांक कशासाठी मागितला, तर माळ्याच्या मुलीच्या आहेरासाठी, हे तीन प्रतींत लिहायची त्यांना शरम वाटली. त्यांनी लिहिलं, 'सन १९६३ पासूनच्या महागाईचा तुलनात्मक अभ्यास.' लिहिल्यावर ते त्यांना इतकं भारदस्त वाटलं की खाली त्यांनी नेहमीपेक्षा मोठी सही केली.

पहिली प्रत रेकॉर्ड रूमला गेली. दुसरी पर्सोनेल ऑफिसर दौलतरावांच्या टेबलावर गेली. तिसरी कुठे जाते ते आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती कँटीनमध्ये जाते, हे त्या दिवशी कळलं. कारण दुपारच्या चहाला भज्याच्या तेलाने पारदर्शक झालेला तो कागद रंगरावांच्या हातात होता.

"वाळिंबे, तुम्ही काय लपवायलात आमच्यापासून?" रंगरावांनी विचारलं. "त्रेसष्टपासूनचा भत्ता फिरून मोजायला सांगितलंय का म्यानेजमेंटनं?"

"छे हो! ते माझं खाजगी आहे. तुम्हाला काल जिन्यात सांगितलं नाही का? आहेराचं."

रंगराव समजूतदारपणे हसले. "आहेर! काल मला खरंच वाटलं होतं बघा. अभ्यास म्हणून लिहिलंय इथं, आणि तुम्ही आहेर म्हणायलात. काही हरकत नाही, तुमची नोकरी आहे, तुम्ही बोलू नका."

माणूस खरं बोलतोय म्हणूनच खोटा ठरावा, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दुसऱ्या पाळीच्या तोंडाला गेट मीटिंग झाली. रंगराव स्टुलावर चढून म्हणाले, की अठरा वर्षं कामगाराच्या भत्त्यात काहीतरी काळंबेरं झालेलं आहे, ते कंपनीच्याच एका प्रामाणिक कर्मचाऱ्याने शोधून काढलं आहे, आणि त्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन आपण त्याला अडचणीत आणणार नाही. एवढं बोलून त्यांनी वाळिंब्यांकडे हात जोडून पाहिलं. एकोणीसशे माणसांनी मग त्याच दिशेला पाहिलं. तीन दिवसांत थकबाकीचा आकडा माणशी अडीच हजारावर जाऊन पोचला. प्रेस शॉपमधल्या एकाने स्कूटरला नंबर लावला. एकाने मेहुण्याला उसने द्यायचं कबूल केलं. वाळिंबे हजेरीच्या पंच मशीनपाशी आले की लोक रांगेत त्यांना पुढे घालत, आणि खांद्यावर थोपटत, आणि वाळिंब्यांना ते हात तापल्या तव्यासारखे वाटत.

चौथ्या दिवशी मेमो आला. 'आपण व्यवस्थापनाच्या परवानगीवाचून वेतनविषयक संवेदनशील माहितीचा अभ्यास का हाती घेतलात, याचा लेखी खुलासा पुराव्यासह चोवीस तासांत करावा.' पुराव्यासह म्हणजे वहीसह. वाळिंबे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आपल्या लग्नाची वही घालून दौलतरावांच्या केबिनमध्ये गेले.

दौलतराव हे आता टायवाले साहेब असले तरी त्रेसष्टात वाळिंब्यांच्या टेबलाला टेबल लावून बसणारे क्लार्क होते. "आय ॲम सॉरी वाळिंबे, बट धिस इज सीरियस," असं म्हणत त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सोपानरावांचं नाव सतराव्या पानावर होतं. वाळिंबे म्हणाले, "साहेब, सतरावं पान." पण दौलतराव पद्धतशीर माणूस. ते एकेक नाव वाचत, जुनी माणसं आठवून हसत, सावकाश पुढे सरकत राहिले. नवव्या पानावर त्यांचं हसू थांबलं. वाळिंब्यांनी मान वाकडी करून बघितलं. मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'श्री. दौलतराव, कंपनीतील मित्र. पाकीट एक. फोडून पाहता रिकामे.'

केबिनमध्ये पंखा फिरत होता. दोघेही त्या पंख्याकडे बघायला लागले. आपण काही केलेलं नसताना आपल्यालाच लाज का वाटावी, हे वाळिंब्यांना कळेना, पण वाटत होती खरी. शेवटी दौलतराव वही मिटून म्हणाले, "महिनाअखेर होती हो." आणि मग, "खुलासा समाधानकारक आहे. मेमो फाइल करून टाकतो."

त्यांनी स्वतःच सूचनाफलकावर नोटीस लावली, की सदर अभ्यास हा श्री. वाळिंबे यांच्या खाजगी आहेरासंबंधी असून त्याचा भत्त्याशी संबंध नाही. थकबाकी गेली. स्कूटरचा नंबर रद्द झाला. पंच मशीनपाशी आता वाळिंब्यांना कुणी पुढे घालेना, उलट "आहेर किती निघाला हो?" असं लोक रांगेच्या दोन्ही टोकांकडून विचारायचे. कुणाला खरोखरच माहिती हवी आहे असं समजून वाळिंबे सुरुवातीला उत्तरही देत होते.

तरी आकडा मिळाला होता. त्रेसष्टचा निर्देशांक एकशेसहा, चालू निर्देशांक चारशे एकेचाळीस. अकरा गुणिले चारशे एकेचाळीस, भागिले एकशेसहा. पंचेचाळीस रुपये शहात्तर पैसे. एवढं सोसल्यावर आता एकावन्नावर येणं म्हणजे सगळं फुकट गेल्यासारखं होतं.

"शहात्तर पैसे पाकिटात घालणार?" चारुलताबाईंनी विचारलं. "नाणी वाजतील त्यात. खिसा झाडून दिल्यासारखं दिसेल."

हे मात्र वाळिंब्यांना पटलं. खिसा झाडलेला दिसू नये, म्हणून त्यांनी ऑफिसच्या मराठी टाइपरायटरवर एक चिठ्ठी टंकून घेतली. तीत पूर्ण गणित होतं, आणि शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी'. चिठ्ठी नाण्यांभोवती गुंडाळून त्यांनी पाकीट बंद केलं. आयुष्यात एवढं चोख पाकीट आपण कधी दिलं नाही, या समाधानात ते लग्नाला गेले.

कासारवाडीत स्टेशनाच्या अलीकडे मोकळ्या जागेत मांडव होता. अक्षता झाल्या, पंगती बसल्या, आणि इकडे स्टेजवर आहेर सुरू झाला. वाळिंबे पुण्याच्या कार्यालयात लग्न लागलेले गृहस्थ. त्यांच्याकडे आहेर खाली मान घालून लिहायचा असतो. इथे तो माइकवर पुकारायचा असतो, हे त्यांना पाकीट देऊन झाल्यावर समजलं. सोपानरावांचे चुलतभाऊ सयाजी माइक धरून उभे होते. पंचायतीत कारकुनी केल्यामुळे कागदावरचं अक्षर न् अक्षर वाचायचं, काही गाळायचं नाही, असं त्यांचं वळण होतं. मांडवाच्या चारी खांबांना कर्णे बांधलेले होते, आणि त्यातला एक थेट फलाटाकडे तोंड करून होता.

"दुर्गाबाई, वाकडकर, यांच्याकडून लुगडं-चोळी!" सयाजी ओरडले. "गाव भोसरी, भजनी मंडळ, एकशेएक रुपये!" मग त्यांनी पाकीट उघडलं, नाणी माइकवर खणकन पडली, आणि त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

वाळिंबे अर्धवट उठले. चारुलताबाईंनी त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं, कारण तोवर सुरुवात झालेली होती.

"श्रीयुत नंदकिशोर वाळिंबे साहेब, संत तुकाराम नगर! सन एकोणीसशे त्रेसष्ट मधील प्राप्त आहेर रुपये अकरा! गुणिले चारशे एकेचाळीस! भागिले एकशेसहा! बरोबर, रुपये पंचेचाळीस, पैसे शहात्तर! चूकभूल द्यावी घ्यावी!"

वाजंत्री वाजवणारे थांबले. जेवणारे थांबले. फलाटावर लोणावळ्याकडे जाणारी गाडी उभी होती, तिच्या खिडक्यांतून माणसं मांडवाकडे बघायला लागली. कुणीतरी मागून विचारलं, "आरं, भागिलं किती म्हनला?" आणि सयाजींनी इमानाने पुन्हा सांगितलं. जमीन दुभंगून आपण खाली गडप व्हावं, असं वाळिंब्यांना वाटलं. पण मांडवाखाली मुरूम होता, आणि तो चांगला चोपलेला होता.

मग सोपानराव स्टेजवर चढले. त्यांनी भावाच्या हातातून माइक घेतला. आता हा माणूस पंचेचाळीस रुपये शहात्तर पैसे आपल्या अंगावर फेकणार, आणि तसं त्याने करावंच, असं म्हणून वाळिंब्यांनी डोळे मिटले.

"मंडळी," सोपानराव म्हणाले. "ह्ये आमच्या कंपनीतलं मोठं साहेब. आमी त्यांच्या लग्नात अकरा रुपये दिलं व्हतं. मला सवताला ध्यानात न्हवतं किती दिलं. अठरा वर्सं त्यांनी त्ये जपलं! पैशापैशानं जपलं! कोन जपतंय आजच्या काळात? चल रं सयाजी, साहेबांना फेटा बांध."

टाळ्या पडल्या. वाळिंब्यांना स्टेजवर नेण्यात आलं. भगव्या फेट्याचे वेढे डोक्याभोवती बसत होते, लोक कौतुकाने बघत होते, आणि वाळिंबे बुंदीच्या परातीकडे बघत उभे होते. शिव्या पडल्या असत्या तर तोंड द्यायला सोपं गेलं असतं. निघताना सोपानरावांच्या पत्नी सरूबाईंनी चारुलताबाईंची ओटी भरली आणि जरीच्या काठाची साडी हातात ठेवली. साडी निदान सव्वाशेची होती. वाळिंब्यांच्या ते लगेच लक्षात आलं, आणि लगेच लक्षात आलं याचीही लाज वाटली.  फेटा काढायचं वाळिंब्यांना घरी आल्यावरच सुचलं.

पुढच्या रविवारी सकाळी वाळिंबे घरी टेबलाशी बसले होते. कंपनीतल्या लोकांनी हाउसिंग सोसायटी काढली होती, चिखलीच्या रस्त्याला प्लॉट पाडले होते, आणि त्या दिवशी पैसे भरायची शेवटची तारीख होती. दोन गुंठ्यांना साडेसतरा हजार. पत्र टेबलावर उघडं होतं, शेजारी चेकबुक होतं, आणि दार वाजलं.

सोपानराव आले होते. एका हातात बुंदीच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पिवळा कागद. खुर्ची दिली तरी ते आधी उभेच राहिले.

"साहेब, जरा एक काम व्हतं. त्ये अकरा रुपये व्हते ना, ते माज्या जमिनीच्या पैशातले व्हते. कारखान्यासाठी जमीन गेली, पैसं हातात आलं, आन त्याच आठवड्यात तुमचं लगीन आलं. तुमीच माजा नोकरीचा फारम भरला व्हता. म्हनलं, शुभ पैसा हाय, आधी साहेबांना द्यावा." त्यांनी कागद उलगडून टेबलावर सरकवला. क्षेत्र तीन एकर. रक्कम रुपये चार हजार दोनशे. सन १९६३. "आता त्या अकराचं पंचेचाळीस झालं. मंग बाकीच्याचं किती झालं आसंल?"

वाळिंबे म्हणाले, "सोपानराव, तसं नसतं. पैसे काही वाढत नाहीत. फक्त त्यांची किंमत..."

"त्ये कळतंय मला. अडानी हाय, पर येवढा न्हाई. पैसं कवाच सरलं. थोरलीचं लगीन झालं, एक म्हस घेतली, म्हातारीचं दुखनं काढलं. म्या त्ये मागत न्हाई." ते आता खुर्चीच्या कडेवर टेकले. "पोरं रोज टोचत्यात. म्हनत्यात, बा, तीन एकर काळी जमीन तू चार हजाराला घालवली आन तिथंच झाडांना पानी घालतोस. त्यांना चार हजार आजचं वाटत्यात. तवाचं चार हजार म्हंजी किती, ते त्यांना कळंना. तुमचा त्यो आकडा माइकवर ऐकला, आन वाटलं, साहेबांनाच इचारावं. तुमचा हिशोब गावानं ऐकलाय. पोरं मानतील."

वाळिंब्यांनी कागद घेतला. चार हजार दोनशेतून अकरा वजा. चार हजार एकशे एकोणनव्वद गुणिले चारशे एकेचाळीस, भागिले एकशेसहा. आयुष्यात त्यांनी हजारो गुणाकार केले होते, पण हा करताना पेन्सिल सारखी मोडत होती. उत्तर आलं. सतरा हजार चारशे सत्तावीस रुपये ब्याऐंशी पैसे.

त्यांची नजर आपोआप शेजारच्या पत्राकडे गेली. दोन गुंठे, साडेसतरा हजार. तीन एकर म्हणजे एकशे वीस गुंठे. त्या सगळ्या जमिनीच्या पैशात, आजच्या भावाने, वाळिंब्यांचा हा एवढासा प्लॉटसुद्धा येत नव्हता. बहात्तर रुपये कमी पडत होते. त्यांनी पत्र हळूच उलटं करून ठेवलं.

"किती आलं?" सोपानरावांनी विचारलं.

"साडेसतरा हजार. थोडे कमी."

सोपानरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "साडेसतरा हजार! बगा! आन पोरं म्हनत्यात, बाप फुकट देऊन बसला." ते पुढे वाकले. "आता तुमीच सांगा साहेब, तुमी शिकलेलं हायसा. फसलो न्हाई ना म्या?"

चारुलताबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या पत्राकडे बघत होत्या, मग नवऱ्याकडे बघायला लागल्या. एवढ्या दिवसांत वाळिंब्यांनी एक गोष्ट नाकारली नव्हती, ती म्हणजे खरा आकडा. आता खरा आकडा एका उलट्या कागदाखाली होता. तो सांगितला तर समोरचा माणूस या खुर्चीवरून उठून कुठे जाईल, ते त्यांना दिसत होतं. सांगितला नाही तर स्वतःची काय किंमत उरते, तेही दिसत होतं.

"हिशोबात चूक नाही, सोपानराव," ते म्हणाले.

"तुमी म्हनला म्हंजी झालं." सोपानरावांनी चहा घेतला, आणि कागदावर आकडा लिहून खाली सही करून मागितली. वाळिंब्यांनी सही केली. या वेळी ती फारच बारीक आली.

ते गेल्यावर चारुलताबाईंनी विचारलं, "त्यांना आजचा जमिनीचा भाव का नाही सांगितलात?"

"त्यांनी विचारला नाही," वाळिंबे म्हणाले, आणि हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना आपल्या घरात बसवेना. बाहेर जायला मग सोसायटीचं ऑफिसच होतं. ते गेले, चेक भरला, सोडतीची चिठ्ठी उचलली, आणि कोपऱ्याचा प्लॉट निघाला. लोकांनी हात मिळवले. पेढे मागितले. वाळिंब्यांनी ते दिलेही.

सोमवारी सकाळी कंपनीच्या आत बागेपाशी सोपानराव हातात पाण्याची नळी घेऊन उभे होते. वाळिंबे दुसऱ्या बाजूने जावं म्हणून वळत होते, तेवढ्यात हाक आली.

"साहेब! पोरांना कागद दावला."

"मग?"

"काय बोलली न्हाईत. थोरल्यानं वाचला, धाकट्याला दिला. दोघं बी पार गप झाली बगा." सोपानरावांनी समाधानाने नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. "तुमच्या सहीला मान हाय."

सोपानरावांची दोन्ही पोरं चिखलीच्या रस्त्यालाच गवंडीकाम करत होती. तिथला गुंठ्याचा भाव त्यांना वाळिंब्यांपेक्षा आधी ठाऊक असणार. ती का गप झाली असतील, ते वाळिंब्यांना तिथे उभ्या उभ्या समजलं, आणि आपल्या बापाला ती ते सांगणार नाहीत, हेही समजलं. "बरं झालं," असं काहीतरी ते म्हणाले. मग मान खाली घालून आत गेले आणि त्या महिन्याच्या भत्त्याचं कोष्टक काढून बसले.